दोर धरून उभा असलेला गडी

नाही, नाही — पाण्यात नाही पडला हा. वास येतोय तो पिशवीचा. मासळीच्या पिशवीतून आणला, घरात कळू नये म्हणून. धुतली होती मी, पण असा वास जातो का? तुम्ही घाटावरचे ना? म्हणून जमेल तसं तुमच्यासारखं बोलतो. लॅपटॉप चालतोय. आतलं एक हरवलंय, ते काढून द्या — तेवढ्यासाठीच मालवणहून एस्टीने कणकवलीला आलो.

नातीचा आहे. रियाचा. ती एक ॲप करतेय — माशाच्या चित्रावर बोट ठेवलं की तिची आजी बोलणार. “हो सौंदाळो, हेचा असा तिखला करूचा,” असं. तिखला म्हणजे तिखट कालवण. आजी म्हणजे माझी सत्यवती. गेली ती, माघात. त्याआधी रियाने तिला खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवून फोनमध्ये बासष्ट मासे बोलून घेतले. खोकत खोकत बोलली. मोरी माशाच्या वेळी हसली पण, का कोण जाणे. तो फोन नंतर मेला, म्हणून सगळं ह्याच्यात उतरवलेलं. बघताय ना? बघा, बघा, मी बोलतो आपला.

आणि काम रिया एकटी नाही करत — पाच एजंट लावते. माणसं नव्हेत हो, ह्या लॅपटॉपच्या आतलेच, सांगितलं की आपलं आपण काम करणारे. तुम्हाला ठाऊक असणार. एक चित्रं मांडतो, एक आवाज जोडतो, एक झाडलोट करतो — आणि पाचांचं काम एकाच घरात. पहिल्यांदा काय व्हायचं, एकाने भिंत घातली की दुसरा पाडायचा. मी म्हटलं, बाय, ही तर रापण! रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं — दोन दोर, दोन्हीकडे वीस-वीस माणसं, आणि हाक एकाचीच. तीस वर्षं हाक माझी होती. एक बाजू पुढे धावली की जाळं तिरकं, मासळी बाहेर. तिला पटलं. तिने नियमच केला — काही काढून टाकायचं तर आधी विचारायचं, ती हो म्हणेपर्यंत थांबायचं. थांबायचे हो ते. गुणी.

सोमवारी दुपारी ती जेवायला उठली. म्हणाली, आजा, हात लावू नको हां. मी बसलेला शेजारी, तिचं काम बघत. तर पडद्यावर एकाने काहीतरी विचारलं. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण वाट बघणारा गडी मला कळतो — ती बारीक रेघ, लुकलुक, लुकलुक. रापणीत दोर धरलेल्या माणसाला उभं ठेवत नाहीत. तो हात वर करतो, तुम्ही हाक द्यायची — नाही दिलीत तर पाणी त्याचं जाळं घेऊन जातं. पाप आहे ते. आणि रिया कुठलं बटण दाबते ते मी शंभरदा बघितलेलं. म्हणून —

झाडणाऱ्याने विचारलं होतं म्हणे, हे आवाज अजून कशालाच जोडलेले नाहीत, काढू का? रियाने रात्री वाचून दाखवलं. तिला वाटलं, जेवायच्या घाईत आपणच हो म्हटलं. मी तिथेच होतो. तोंड उघडलं नाही. काल ती आजीच्या फोटोसमोर उभी — आजये, माझी चूक झाली गो, म्हणत होती. मी दाराआड. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नाही. मला वाटलं, आवाज परत आणतो, मग सांगतो. हातात काही असलं की सांगता येतं ना?

काय झालं? असे मान का हलवताय?

काहीच नाही? एकपण? मोरी तरी बघा. ते हसलेलं —

बरं. बरं. तुमचा काय दोष. मिटा तो.

थांबा, फोन वाजतोय. तिचाच. लॅपटॉप दिसला नाही वाटतं तिला.

हां गो बाय. कणकवलीक आसंय. होय, माझ्याकडेच आसा. नाय गो, तुझी चूक नाय. आयक माझा. ता बटण... रिया, ता बटण तू नाय गो...