छन्नी, हातोडा आणि एक कासव

मी केरबा नरसिंग सरवदे, वय ५७ वर्षे, धंदा शेतकी शाळेत माळी, राहणार बौद्धवाडा, मौजे चिंचबारव, तालुका उदगीर, जिल्हा लातूर. आज ता. १४ मे १९८६ रोजी दुपारी साडेचार वाजता ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की (हजर म्हणजे धरून आणलं, हे पण लिहा), खालील हकिकत खरी आहे.

शाळेच्या आवारात निजामाच्या वख्ताची दगडी बारव आहे. तळाजवळ भिंतीत तीन झरे आहेत. दर उन्हाळ्यात गाळ काढून झऱ्यांची तोंडं मोकळी करायचं काम आधी माझे वडील करत, एकतीस वर्षांपासून मी करतो. वडिलांना गाळ काढायला आत उतरू देत. प्यायचं पाणी मात्र वरून ओंजळीत ओतत.

जिल्हा नवा होऊन चौथं वरीस. नव्या जिल्ह्यात शाळा उठून दिसावी म्हणून प्राचार्य अमृतराव साहेबांनी आवार सुधारायला काढलं. 'जुनी झाडे, पाखरे व बारव यांचे जतन' अशी पाटी फाटकावर लागली. वाचून मला बरं वाटलं. मीच येडा. पहिल्याच हप्त्यात काटेरी म्हणून बाभळी तोडल्या. त्यांच्यावर सुगरणीचे एकोणीस खोपे होते. तिथं हिरवळ लावली. औंदा माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् गवताला टँकर! आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

फेब्रुवारीत कामाचा ठेका घेतलेले गुत्तेदार चन्नबसप्पा यांनी बारवेला आतून सिमेंटचा गिलावा केला. दुष्काळानं झरे तेव्हा वाहत नव्हते. मी तिन्ही जागी चुन्याच्या फुल्या मारल्या आणि म्हणालो, "मालक, एवढं सोडा. झरा निजलाय, मेला न्हाई."

ते म्हणाले, "पाणी दाखव, सोडतो."

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "केरबा, नकाशात झरे नाहीत." फुल्यांवरून गिलावा फिरला.

बारवेत एक म्हातारं कासव आहे. काम चालू असताना ते मी घरी रांजणात सांभाळलं. १ मे रोजी उद्घाटन झालं. तीन टँकर ओतून बारव भरली, कमळं सोडली. पाहुण्यांना दाखवायला कासव मलाच आणून सोडायला लावलं. साहेब भाषणात म्हणाले, "आम्ही जुनं जपलं." दहा दिवसांत ते पाणी हिरवळीसाठी उपसून संपवलं.

त्यानंतर कासव कोरड्या तळाशी, तिसऱ्या झऱ्याच्या जागी गिलाव्याला तोंड लावून बसलं. उचलून सावलीत ठेवलं की घंट्याभरात परत तिथंच. तीन दिवस हेच बघितलं. माझा जीव राहिना.

आज दुपारी दोनच्या सुमारास मी छन्नी-हातोडा घेऊन उतरलो आणि त्या जागी वीतभर गिलावा फोडला. कुणी सांगितलं नव्हतं. नशापाणी केलेलं नव्हतं. दगडाच्या फटीत बोटं घातली. आतली माती ओली होती. तेवढ्यात गुत्तेदार दोन माणसं घेऊन आले. मी म्हणालो, "आधी हात तर लावून बघा." कुणी हात लावला नाही.

पंचनाम्यात बारवेची नासधूस व कासव चोरण्याचा प्रयत्न असं लिहिलं आहे. गिलावा फोडला, कबूल. कासव टॉवेलात गुंडाळलेलं होतं हे खरं. खपल्या उडून त्याला लागू नये म्हणून. चोरायचं असतं तर रांजणातून परत कशाला आणलं असतं?

फोडलेल्या जागी आज दिवस मावळायच्या आत सिमेंट भरून घेतो, असं साहेब आत्ताच ठाण्यात माझ्यासमोर बोलले. माझी एवढीच विनंती की त्याआधी कुणीतरी त्या भोकात हात घालून बघावा. हवालदार म्हणाले, उद्या बघू. उद्या तिथं भोक नसणार, हे पण लिहून घ्या म्हणालो. घेतलं.

जबाब मला वाचून ऐकवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वाचून झाल्यावर एक गोष्ट वाढवली ती अशी की, छन्नी, हातोडा व कासव एक असा मुद्देमाल टेबलाखाली ठेवलेला आहे. कासव कोरड्या बादलीत आहे. तांब्याभर पाणी घालतो म्हणालो, तर मुद्देमालाला हात लावता येत नाही, असं मला सांगण्यात आलं.

सही: केरबा नरसिंग सरवदे