मॅगझिन लोखंडी की प्लास्टिकची

म्हणजे शेवटी मीच वेडी ठरले, हो ना? एवढीशी वस्तू, म्हणे, घ्यायची आणि मोकळं व्हायचं... अहो, मोकळं कसलं व्हायचं? मॅगझिन आहे ती, बंदुकीच्या पोटात खालून बसवतात ना, ती गोळ्यांची डबी, आणि ती लोखंडी घ्यायची की प्लास्टिकची एवढंच ठरवायचं होतं, आणि तुम्हाला सांगते, त्या 'एवढंच'पायी माझी झोप गेली, भूक गेली, आणि बाळंतपणातून जी काही थोडीफार अब्रू शिल्लक राहिली होती तीही गेली.

आता तुम्ही म्हणाल, अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला बंदुकीची उठाठेव सांगितली कुणी? माझ्या सासऱ्यांनी. कालेर्वो. मागच्या हिवाळ्यात जंगलातून परत येताना गोठलेल्या ओढ्यावर घसरले ते थेट स्वतःच्या बंदुकीवर पडले. खुबा मोडला, आणि मॅगझिनचं तोंड वाकलं. खुबा सरकारनं बदलून दिला. मॅगझिन माझ्यावर आली.

कारण सरहद्दीलगतच्या कुह्मो शहराच्या पुढच्या आमच्या त्या गावात शिकारीसाठी प्रत्येक घराची एक जागा असते. शरद ऋतूत मूसच्या, त्या थोरल्या रानटी हरणाच्या, शिकारीला गावचं सगळं शिकारी मंडळ निघतं, कुत्री जनावर हुसकवतात, आणि बाकीचे आपापल्या जागेवर बंदूक घेऊन गुपचूप उभे राहतात. कालेर्वोंची जागा दलदलीच्या काठावरची, सगळ्यात चांगली. त्यांच्या वडिलांचीही तीच. आता नियम असा की घरातलं कुणी उभं राहिलं नाही तर जागा दुसऱ्याला. आणि उभं राहणारं नवं असेल तर पहिल्या हाक्यानंतर कॉफी पिता पिता सगळ्यांनी हात वर करायचे, हिला ठेवायची की नाही. चारचौघांत. तोंडासमोर.

"यार्क्को आहे की," म्हणाल तुम्ही. यार्क्को म्हणजे माझा नवरा. तो रक्त बघितलं की आडवा होतो. आमची सेल्मा जन्मली तेव्हा सुईणीनं आधी त्याला झोपवलं, मग माझ्याकडे आली. तेव्हा उरलं कोण? मी. शिकारीची परीक्षा मी कॉलेजात असताना दिली होती, एका मुलावर छाप पाडायला, आणि तो मुलगा यार्क्को नव्हता, पण ते जाऊ दे. परवाना काढला, नेमबाजीची चाचणी मंडळाची बंदूक मागून घेऊन पास झाले, कशी झाले देवाला माहीत. आणि कालेर्वो त्या खुर्चीत बसलेले, ऑपरेशन झाल्यापासून उठायचं नाव नाही, डॉक्टर म्हणतात चाला, हे म्हणतात कशासाठी? मी नुसतं म्हटलं, "मी उभी राहते तुमच्या जागेवर." त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एवढंच केलं हो त्यांनी, पण आमच्याकडे एवढं केलं म्हणजे माणूस ढसाढसा रडला असं समजायचं. आता सांगा, यातून माघार घेणार कशी?

मग म्हणाले, "मॅगझिन नवी घे. लोखंडी घे हं, पोरी. प्लास्टिक लोण्याच्या डब्याला."

मी म्हटलं, "कालेर्वो, तुमच्या खुब्यातसुद्धा धातूच्या गोळ्याभोवती प्लास्टिकची वाटी बसवलीय, डॉक्टरांनी चित्र दाखवलं होतं."

"म्हणूनच दुखतो," म्हणाले.

म्हणजे प्रश्न मिटला ना? मिटायला हवा होता. पण मॅगझिन मिळते राउनोच्या दुकानात, आणि राउनोच्या दुकानात ट्रॅक्टरचे पट्टे, मासेमारीचे गळ, बुटांची नाडी आणि सल्ला, हे सगळं एकाच काउंटरवर मिळतं. मी म्हटलं, लोखंडी दे. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कालेर्वोनं सांगितलं वाटतं? अगं, लोखंडीचं तोंड वाकतं, बघितलंस ना? आणि पहाटेच्या थंडीत बोटाला चिकटते. वाजते पण. मूस पार पलीकडच्या काठावरून ऐकतो. प्लास्टिकची घे. हलकी, गुपचूप, गंज नाही."

किती बरोबर बोलला, नाही? मी पाकीट काढणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला: दलदलीच्या काठाशेजारची जागा कुणाची? राउनोची! मला काढलं तर कालेर्वोंची जागा कुणाला मिळणार? तुम्हीच सांगा. मग हा मला मुद्दाम वाईट देतोय की काय? बरं, मुद्दाम वाईट देत असेल तर प्लास्टिकची वाईट. पण त्याला माहीत असेल की मी संशय घेणार, आणि म्हणून तो चांगलीच सुचवत असेल, म्हणजे मी उलटी घ्यावी म्हणून... मी भूगोल शिकवते हो, शाळेत, म्हणजे रजेवर आहे सध्या, मला वाऱ्यांच्या दिशा कळतात, माणसांच्या नाही. मी बुटांची नाडी घेऊन घरी आले.

लोखंडी की प्लास्टिकची?

आणि हे माझं आधीपासूनचं आहे, खोटं कशाला बोलू. सेल्माच्या वेळी दुधाची बाटली. काचेची की प्लास्टिकची? तपासणीला जायचे तिथली नर्स म्हणाली, "दोन्ही चालतात." चालतात म्हणजे काय? काच फुटली तर? प्लास्टिकमधून काही झिरपलं तर? मी दोन्ही आणल्या, उकळल्या, पुन्हा उकळल्या, ओळीनं मांडल्या, आणि पोरगी एकीलाही तोंड लावीना, आजतागायत अंगावरच पितेय. यार्क्को तेव्हाही म्हणाला होता, "तुला हवी ती घे." आताही तेच म्हणाला. जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला असेल तर हा. मला काय हवंय ते कळत असतं तर मी तुला विचारलं असतं का रे बाबा?

मग मी वाचायला बसले. सेल्मा बाहेर बाबागाडीत थंडीत झोपलेली, आमच्याकडे बाळांना असंच झोपवतात, चांगली घोरत, आणि मी स्वयंपाकघरात, फोनवर, जगभरच्या बंदूकवाल्यांची भांडणं वाचतेय. एक म्हणतो, माझी प्लास्टिकची गाडीखाली आली तरी काही झालं नाही. मी विचार करतेय, बंदुकीची डबी गाडीखाली टाकली कशाला? दुसरा म्हणतो, कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक बिस्किटासारखं तडकतं. तिसरा म्हणतो, लोखंडी, बस, विषय संपला. त्याच्याखाली शंभरएक माणसं, विषय संपलेला नाही म्हणणारी. डोकं गरगरायला लागलं. सासरे खुर्चीतून, "घेतलीस का गं?" रोज. मी रोज, "बघतेय." त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला आता कळलं असेल.

शेवटी काय केलं असेन मी? दोन्ही घेतल्या. राउनोनं काही विचारलं नाही, नुसतं "बरं" म्हणाला, आणि त्या 'बरं'नं माझी आणखी एक झोप घालवली.

उजाडली ती सकाळ. दव गोठून पांढरं झालेलं, दलदलीवर धुकं, मी नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट, आत दुधानं जड झालेली, कारण सेल्मानं नेमकं निघताना पिणं नाकारलं. मंडळाची म्होरकी हिल्का, एवढीशी बाई, आवाज मात्र भुंकणाऱ्या कुत्र्याचा. मला जागेवर सोडलं, म्हणाली, "वॉकीटॉकीवर मी सांगेन तेव्हा बंदूक भरायची. आणि हलायचं नाही. कळलं?" कळलं. ती गेली. मी आणि ते फरच्या झाडाचं खोड आणि कालेर्वोंच्या वडिलांपासूनचा तो सपाट झालेला दगड, ज्यावर आता बसणार मी.

वॉकीटॉकी खरखरली, "भरा."

मी लोखंडी बसवली. खट्ट. तुम्हाला काय सांगू, त्या शांततेत ते 'खट्ट' चर्चमध्ये परात पडल्यासारखं वाजलं. राउनो बरोबर होता! काढली. प्लास्टिकची बसवली, अगदी मऊ आवाज, वा... आणि मग टिक् झालं. बारीकसं. काय टिक् झालं? तडकली? बिस्किटासारखी? की फांदी होती? काढली, उजेडात धरून बघतेय, भेग दिसतेय की ती साच्याची रेघ आहे, बोटानं चाचपतेय, थंडीनं बोट बधिर, काही कळेना. मग म्हटलं, लोखंडीच बरी, वाजली तर वाजली, निदान गोळी तरी सुटेल. ती खिशातून काढली. डाव्या हातात प्लास्टिकची, उजव्या हातात लोखंडी, बंदूक मांडीवर आडवी, पोट रिकामं. बोल्ट ओढून गोळी नळीत चढवायची वेळच आलेली नव्हती.

आणि मी मान वर केली.

तो उभा होता. तरणा मूस, घोड्याहून उंच, शिंगं जेमतेम फुटलेली, धुक्यात पाय बुडालेले, आणि माझ्याकडे बघतोय. इतक्या जवळ की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. कायद्यानं मारायला चालणारा, ऊन पाठीशी, वारा माझ्याकडे, कालेर्वो जन्मभर ज्याची वाट बघतात तसा, आडवा उभा, आणि माझ्या दोन हातांत दोन मॅगझिनी.

मला सांगा, यातली कुठली बसवायची? नाही, खरंच सांगा! जगातला कुणीही माणूस त्या क्षणी हातातली एक टाकून दुसरी बसवेल. मी तिथंसुद्धा विचार करत होते. लोखंडी की प्लास्टिकची? लोखंडी वाजेल. प्लास्टिकची तडकेल. मी श्वास घेतला नाही. पापणी हलवली नाही. दूध गळायला लागलं तरी हलले नाही. डोळ्यांसमोर खुर्चीतले कालेर्वो, वर्तमानपत्र, सगळे हात खाली ठेवून कॉफी पितायत, आणि मी दोन डब्या धरून चर्चमधल्या पुतळ्यासारखी बसलेय. त्यानं कान फिरवला, नाक फेंदारलं, आणि काहीही घाई न करता, बाजारात निघाल्यासारखा, माझ्यासमोरून चालत गेला. राउनोच्या दिशेनं.

थोड्या वेळानं बार ऐकू आला. एकच.

कॉफीला मी गेले ती सुळावर चढायला निघाल्यासारखी. शेकोटीवर सॉसेज, दालचिनीचे पाव, सगळे खुश, राउनो तर चक्क हसत होता. हिल्का म्हणाली, "चालत आला म्हणतोस?"

"चालत. धावला नाही, बिचकला नाही," राउनो म्हणाला. "दलदलीकडून असा कधी येत नाही."

हिल्कानं माझ्याकडे बघितलं. "औती, तू बघितलास?"

"बघितला."

"मग बार का नाही काढलास?"

खोटं बोलता आलं असतं. फांदी आडवी होती, उजेड नव्हता, काय वाट्टेल ते. पण माझ्या दोन्ही खिशांत दोन्ही मॅगझिनी, आणि मला इतकं रडू येत होतं की मी त्या काढल्या आणि हातांवर धरून दाखवल्या. "कुठली बसवायची ते ठरेना," म्हटलं.

हिल्कानं दोन्ही उलटसुलट करून बघितल्या. मग राउनोच म्हणाला, "कालेर्वो असता तर खोकला असता. खोकून झाल्यावर बार काढला असता, चुकला असता, आणि जनावर आत्ता सरहद्दीपलीकडे असतं."

"दरवर्षी," कुणीतरी म्हणालं.

"ही हलली नाही," हिल्का म्हणाली. "त्या जागेवर न हलणारं माणूस मी अजून बघितलं नव्हतं. हात वर करा." सगळ्यांनी केले. राउनोनं सगळ्यात आधी, आणि का नाही करणार? पुढच्या वर्षीही मी त्याच्याकडे जनावर पाठवणार याची त्याला खात्री पटलेली.

घरी आले तर कालेर्वो दारात उभे. खुर्चीत नाही, दारात, काठी घेऊन. "जागा?"

"राहिली."

त्यांनी मान हलवली आणि कोट मागितला. शेजाऱ्याला सांगायला चालत गेले, स्वतःच्या पायांनी, धातूच्या गोळ्यावर आणि प्लास्टिकच्या वाटीवर. आता ते गावभर सांगतात, सुनेला लोखंडी घ्यायला लावली म्हणून जागा टिकली. राउनो दुकानात सांगतो, मी दिलेली प्लास्टिकचीच होती तिच्याकडे. दोघंही खोटं बोलत नाहीयेत, मी तरी काय म्हणणार?

आणि हिल्कानं निघताना खांद्यावर हात ठेवून मला काय सांगितलं माहितीये? "पुढच्या वर्षी तीच जागा, औती. तशीच बस. आणि त्या दोन्ही डब्या घरी ठेवून ये."