उंदरावर घातलेला आळ

आजच्या समारंभाचे आणि आपल्या रोपवाटिका संस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय उत्तमरावजी खोडे; पांढुर्ण्याहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, उद्यान विभागाच्या सुचिता मॅडम; आमचे सचिव गजाननराव बोबडे; उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणारी, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपासून मनानं बसलेलीच असलेली ऋतुजा; सौंसर, पांढुर्णा आणि जवळपासच्या गावांतून आलेले सभासद बंधुभगिनी; आणि दारापाशी उभी असलेली, भाषणापेक्षा भाताच्या वासाकडे जास्त लक्ष असलेली मंडळी! आपणा सर्वांना सरला वानखेडेचा नमस्कार.

माझ्याआधी चार भाषणं झाली. चारही वक्त्यांनी मला संगणकाची जाणकार म्हटलं. गजाननराव तर म्हणाले, "सरलाताईंनी बुडालेली नोंद वर काढली, म्हणून कलाबाईंची वाडी वाचली." मी मान खाली घालून ऐकलं. स्तुती कोणाला कडू लागते? पण शाल अजून त्या ताटातच आहे, आणि ती खांद्यावर पडायच्या आत मला काही सांगायचं आहे. अध्यक्षमहोदय, तुम्ही म्हणाला होतात, पाच मिनिटं बोला. मी दहा घेणार आहे. सव्वीस वर्षांत मी संस्थेकडे कधी जादा काही मागितलं नाही.

आपल्या संस्थेची एक रीत आहे, नव्या सभासदांना ती माहीत नसेल. संत्र्याचं कलम विकलं की काम संपलं, असं आपण कधी मानलं नाही. कलमाचा डोळा कोणत्या मातृवृक्षावरून घेतला, त्याचा नंबर काय, ते कलम कोणाच्या वाडीत गेलं आणि कितव्या तासात, म्हणजे झाडांच्या ओळीत, लागलं, हे सगळं आपण लिहून ठेवतो. गजाननराव त्यासाठी लागवडीनंतर प्रत्येक वाडीत जायचे, तास मोजायचे आणि चिखलाच्या चपला घेऊन थेट माझ्या टेबलाशी यायचे. फरशी पुसायची मी, आणि नोंद चढवायचीही मीच.

पहिला संगणक आला तेव्हा त्याला नागपूरहून जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलं होतं. त्यात जागा थोडी, म्हणून प्रत्येक वर्षाची नोंद एका फ्लॉपीवर जायची. पुढे बसलेल्या पोरांनी फ्लॉपी पाहिली नसेल. तळहाताएवढी, चौकोनी, चपटी वस्तू. संगणकाच्या पुढच्या फटीत सरकवायची. अशा अठरा फ्लॉप्या मी पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या. मग २०१९ मध्ये नवा संगणक आला. तो दिसायला देखणा, चालायला चपळ, पण फ्लॉपी सरकवायला त्याला फटच नाही. नव्या नोंदी त्यात सुरू झाल्या, आणि जुन्या? "मार्च झाला की घेऊ." "दिवाळी झाली की घेऊ." असे किती मार्च आणि किती दिवाळ्या गेल्या, ते आपण सगळे जाणतो. जुना संगणक कोपऱ्यात गेला. मी त्याच्यावर फुलाफुलांचं कापड टाकलं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुवारी दुपारी कलाबाई आल्या. त्या तिथे, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या वाडीतली झाडं शेंड्याकडून वाळत होती. वाडीचं वय सात वर्षं, म्हणजे आता कुठे खरं फळ हातात यायचं. आधी त्या आल्या तेव्हा आपण त्यांना काय सांगितलं होतं? "पाणी जास्त झालं." मीच सांगितलं होतं, बसल्या जागी. मग सुचिता मॅडमनी वाडीत जाऊन पाहिलं आणि वाळलेल्या काही झाडांवर टिकून राहिलेल्या नंबरच्या पट्ट्यांवरून त्यांचा मातृवृक्ष शोधला. दोष पाण्याचा नव्हता. आपल्या सतरा नंबरच्या मातृवृक्षातच रोग होता, आणि त्याचा डोळा ज्या ज्या कलमात गेला ते कलम आज ना उद्या वाळणार होतं.

कलाबाईंच्या वाडीत बावीस तास. त्यांतले सतरा नंबरचे किती, ते वरून पाहून कळत नव्हतं, कारण रोग सगळ्या झाडांवर एकदम दिसत नाही. त्यांचा मुलगा गौतम वैतागला होता. तो म्हणाला, पुरी वाडी काढू आणि कापूस लावू. सोमवारी सकाळी जेसीबी येणार होता, सांगून झालं होतं.

कलाबाई माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, तुमी लिहून ठेवता ना वो सारं? मंग सांगा मले, कोन्ता तास काढू न कोन्ता ठेवू. पोरगं तं सारंच उपटून राहिलं."

मी म्हटलं, "बसा. पाच मिनिटांत सांगते." किती रुबाबात म्हटलं! कापड बाजूला केलं, जुना संगणक सुरू केला, तो सुरूही झाला. डब्यातून त्यांच्या लागवडीच्या वर्षाची फ्लॉपी काढून सरकवली. आतून घरघर झाली आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही. दुसऱ्या वर्षाची घातली, तेच. अठराच्या अठरा घातल्या. गजाननराव म्हणाले, "उन्हाळ्यानं गेल्या. संपलं." कलाबाई बाकावर बसून होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि संध्याकाळची बस पकडून गेल्या. त्या बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी ऋतुजा म्हणाली, "ताई, अठरा फ्लॉप्या एकाच दिवशी कशा मरतील? फ्लॉपी चांगली असन, तिला वाचणाऱ्या भागात काहीतरी अडकलं आहे. मी आता खोलूनच पाहून राहिली." आणि तिनं पेचकस घेतला. मी तिला अडवलं. "अगं, जुनं यंत्र आहे, बिघडेल." ती म्हणाली, "ताई, अजून काय बिघडायचं राहिलं?"

तिनं झाकण काढलं. आत, जिथे फ्लॉपी बसते तिथे, तांदळाचे दाणे चिकटले होते. ऋतुजानं ते चिमट्यानं एकेक काढून कागदावर ठेवले, मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गजाननराव आत आले आणि म्हणाले, "हे काय? तांदूळ? म्हणजे उंदीर!"

आणि मी, सव्वीस वर्षं एकेका कलमाची खरी नोंद ठेवणारी सरला वानखेडे, मी म्हटलं, "हो. उंदीरच असेल."

सभासदहो, तो उंदीर मी आहे.

हसा, हसून घ्या, पण पुढचं ऐका. आपल्या ऑफिसात दसऱ्याला तराजू, कलमात डोळे भरायचे चाकू, फवारणीचे पंप यांच्यासोबत संगणकाचीही पूजा होते, आणि ती मी करते. जुना संगणक कामावर होता तोवर मी त्याला कुंकवाचं बोट लावायची, वरून अक्षता टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या कपड्यानं सगळं स्वच्छ पुसून काढायची. कारण त्याच्याकडून काम घ्यायचं होतं. तो कोपऱ्यात गेल्यावर मला त्याची दया यायला लागली. अठरा वर्षं आपलं सगळं पोटात घेतलं बिचाऱ्यानं, आणि आता त्याला कोणी विचारत नाही. फ्लॉपी जाते ती फट म्हणजे त्याचं तोंड, असं मी धरलं. दर दसऱ्याला चिमूटभर ओल्या कुंकवाच्या अक्षता आणि दोन दाणे साखर त्याच्या तोंडात घालायची. कोणी पाहत नाही असं बघून घालायची, कारण लोक हसतील हे मला कळत होतं. असे सहा दसरे झाले. पुसलं मात्र एकदाही नाही.

गजाननराव, उंदराला साखर आवडते हे खरं, पण उंदीर तांदळाला कुंकू लावत नाही. तुमच्या हे ध्यानात आलं नाही. ऋतुजाच्या त्याच क्षणी आलं होतं, तिच्या डोळ्यांत मी ते पाहिलं. तिनं उंदरावरचा आळ तसाच राहू दिला. मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणला आणि कामाला लागली.

सफाई झाली आणि पहिली फ्लॉपी वाचली गेली. पण नोंद जुन्याच्या पडद्यावर पाहायची तर पहिल्या पानापासून एकेक पान उलटत जावं लागे. कलाबाईंची लागवड श्रावणातली. आम्ही आषाढापर्यंत पोहोचलो की यंत्र गरम होऊन बंद पडायचं. तीनदा आषाढातच अडकलो. मग ऋतुजानं ठरवलं, पाहायचं नाही, फक्त उचलायचं. जुन्यातलं बाकीचं पुसून जागा केली आणि यंत्र थंड करत करत अठराही फ्लॉप्या तिनं जुन्याच्या हार्डडिस्कवर उतरवल्या. आता त्यातून नव्यात कसं न्यायचं? पेनड्राइव्ह लावला, जुना त्याला ओळखेना. दोघांत वायर जोडली, नवा जुन्याला ओळखेना. सासरमाहेरची माणसं एका मांडवात बसली आहेत आणि कोणी कोणाशी बोलत नाही, अशी गत.

शेवटी शनिवारी ती नागपूरला गेली. जुनी हार्डडिस्क बाहेरून नव्याला जोडायची एक वायर मिळते, ती शोधून आणली. परतताना बसमध्ये जामसांवलीच्या देवळात दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी, सौंसरपर्यंत पोरगी उभी आली. रविवारी आम्ही ऑफिस उघडलं. कलाबाईंना बोलावून घेतलं, गौतमही आला. ऋतुजानं डिस्क जोडली, फाइल उघडली, सतरा आकडा टाकला. पडद्यावर सात ओळी आल्या. बावीसपैकी सात तास. बाकीचे पंधरा दुसऱ्या झाडांचे, निरोगी.

गौतमनं तासांचे नंबर हातावर लिहून घेतले. सोमवारी जेसीबी आला, सात तास काढून गेला. त्याच फाइलमधून आणखी नऊ सभासद निघाले, त्यांना आपण निरोप दिले. सतरा नंबरचं झाड आपण तोडलं.

हे यश ऋतुजाचं आहे. माझा वाटा तांदळापुरता. म्हणून अध्यक्षमहोदय, ती शाल आधी तिच्या खांद्यावर घाला. मला नंतर हार घाला, हाराला माझी ना नाही. आणि गजाननराव, माझ्या टेबलाखाली तुम्ही लावलेला तो पिंजरा आता उचला. चार महिने तुम्ही त्यात पोळीचा ताजा तुकडा ठेवता आहात, मला रोज लाज वाटते.

कलाबाई, तुम्हाला मी आधी म्हटलं, पाणी जास्त झालं. मग म्हटलं, पाच मिनिटांत सांगते. तीन रात्री तुम्ही वाडी जाणार म्हणून घरात बसलात, त्या माझ्यामुळे. ऋतुजानं माझं ऐकून पेचकस खाली ठेवला असता, तर पंधरा तास हिरवी झाडं गेली असती. माझं चुकलं. हे चार माणसांत सांगायला मी चार महिने घेतले, तेही चुकलं.

काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. कलाबाई म्हणतात, "बाई, त्या सात तासात मिरगाले नवे कलमं लावाचे हायत. त्याची नोंद कराले येशीन का नाही, तेवढं सांग."

येईन. चपला बाहेर काढून येईन, गजाननरावांसारखी नाही.

मंडळी, निरोप घेणाऱ्याला आपण फुलं देतो, आणि उद्यापासून काही विचारत नाही. त्या जुन्या संगणकाचं मी हेच केलं. माझं तसं करू नका. काही अडलं तर फोन करा, दुपारी दोन ते चार सोडून. तेव्हा मी झोपते. संस्थेनं मला सव्वीस वर्षं काम दिलं, मान दिला, ऋतुजासारखी मुलगी शेजारी बसवली, सगळ्यांचे मनापासून आभार. सुचिता मॅडम, तुम्ही त्या वाडीत पायी फिरलात, तुमचे विशेष आभार.

भाषणाच्या शेवटी वक्ता कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतो. माझी चूक मला कळलेली आहे, तिची क्षमा मी मागितली. नकळत झालेल्या असतील, त्या ऋतुजा उघडून पाहील. पेचकस माझ्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आहे.

नमस्कार.