दादाच्या नावाचं रक्त

जव्हारच्या एका दवाखान्याबाहेर बाकावर माझ्या शेजारी दोघे भाऊ बसले होते. थोरला रघ्या नुकताच डॉक्टरांकडून रिपोर्ट घेऊन आला होता.

"काय बोलला डॉक्टर, दादा?"

"बोलला, रक्त तपासलं की पुढचं कळतं. छातीत सूज हाय, या थंडीत दम उठेल, आजच दाखल हो."

"मग हो ना."

"मी कशाला? रक्त तुझं हाय, देवानंद."

"नाव तर तुझं हाय. तूच बोलला ना, माझ्या रक्तात विडी दिसेल, तू दे म्हणून."

"तू विडी ओढत नाय, म्हणून तुला पाठवला. एवढी सूज आणली कुठून?"

"दहा वर्षं वीटभट्टीचा धूर खाल्ला, दादा. खोकतो मी पण."

"मग कधी बोलला नाय?"

"तुझ्या खोकल्यात माझा ऐकू येतो कुणाला?"

"…चल, आत जाऊन खरं सांगू."

"मग तुझं पण रक्त काढतील."

"काढू दे. रक्त दिल्यावर तुला वडापाव दिला होता, तसा मला दे."

"रघ्या कोण आहे?" दारातून नर्सने विचारलं.

"आम्ही दोघं, सिस्टर."