परमिट रूमच्या दारातलं स्टूल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हॉटेलचे मालक माननीय कल्याणशेठ, सावेडीहून खास आलेले त्यांचे मेहुणे, ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले मॅनेजर भिमाजीमामा, समोर बसलेले नेहमीचे गिऱ्हाईक बंधू, आणि ही जागा आतून पहिल्यांदाच पाहणाऱ्या माता-भगिनींनो, सगळ्यांना वेटर गोरक्षनाथचा नमस्कार. मामांना जयभीम.

भाषणाची मला सवय नाही. शाळा नववीत सुटली. मग टेम्पोवर क्लीनर झालो, नेवाशाला रसवंतीवर राहिलो, मधे एका तमाशाच्या गाडीबरोबर फिरलो. तो किस्सा भारी आहे, पण इथं नको. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी आहे. आत्तासुद्धा पाय हलतोय, माइकला लागला तर सांभाळून घ्या. इथं एका हंगामापुरता आलो होतो आणि राहिलो. कशामुळे? त्या स्टुलामुळे.

मामा मॅनेजर असूनही काउंटरमागे बसले नाहीत. परमिट रूमच्या दारात स्टूल टाकून बसायचे. ज्याच्याबरोबर लहान मूल असेल, त्यानं बाहेर बागेत जेवावं. बाटली मात्र मिळणार नाही. हा नियम कुठून आला? कारभारीभाऊ, सांगू का? मान हलवली. म्हणजे चालेल.

कारभारीभाऊंची पाथर्डी-नगर जीप. रंगुवहिनी दवाखान्यात दुसऱ्या पाळीला. चार वर्षांची पंकजा कुणापाशी ठेवायची? म्हणून भाऊ तिला संध्याकाळी इथं आणायचे. आम्हालाही ती आवडायची. शेव द्यायचो, काचेच्या ग्लासात सरबत द्यायचो. आता भगिनींना ठाऊक नसेल, पण पिणाऱ्यांची एक रीत असते. पहिल्या घोटाआधी ग्लासात बोट बुडवून दोन थेंब जमिनीला शिंपडायचे. पंकजा सरबतात बोट बुडवून तसंच करायची आणि सगळं टेबल हसायचं. कोण नाही हसलं? मीसुद्धा हसलो.

एका सकाळी रंगुवहिनी आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाल्या, "मामा, माझी पोरगी दुधात बोट बुडवून भुईवर शिपडती. इचारलं तर म्हनती, मोठी मानसं असंच पित्यात. हे तिला तुमी शिकवलं, का तिच्या बापानं?"

वहिनी गेल्यावर मामांनी आतलं एक स्टूल उचललं आणि दारात ठेवलं.

संध्याकाळी भाऊ पंकजाला कडेवर घेऊन आले आणि त्या स्टुलापाशी अडले. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. पोरगी माझी हाय, मी ठरवीन.

मामा म्हणाले, "तुझीच हाय. मग तिच्यासंगं जेव की. जेवायला न्हाई म्हनलो का मी?"

भाऊ बागेत बसून दालफ्राय असे जेवले, जसं काय काढाच पीत होते. पोरगी मात्र खूश.

मग काय झालं, भगिनींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बातमी फुटली. नवरा चप्पल घालायला लागला की मागून आवाज, "अहो, पोराला न्या की संगं." रविवारी बाग लेकरांनी भरायची आणि आतली टेबलं रिकामी. शेठ चिडले. त्यांचंही बरोबर, धंदा आहे. एकानं तर पोराला रस्त्यावर ट्रकांच्या मधे उभं केलं आणि एकटाच आत आला. मामांनी ते पोर आणून स्टुलावर बसवलं आणि बापापुढची बाटली उचलून नेली. दारात अडवणं सोपं असतं, मंडळी. अडवल्यावर लेकरू कुठं जाईल, हे बघायला तिथंच बसावं लागतं.

आता अध्यक्षांनी मघाशी जाहीर केलं की उद्यापासून स्टूल हलणार आणि परमिट रूममध्येच फॅमिली सेक्शन होणार. कोपऱ्यात घसरगुंडी. ती आलेलीही आहे, व्यासपीठामागे ताडपत्रीखाली. पुण्यात असंच चालतं म्हणाले. असेल. मी पुण्याला एकदाच गेलतो, तेही चुकून दुसऱ्याच एसटीत बसलो म्हणून. शेठनी मला मॅनेजर व्हायला सांगितलंय, उत्तर आज द्यायचंय. एवढा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही टाकला नाही. त्यांचे मनापासून आभार.

पण शेठ, मघाशी सरबत वाटलं तेव्हा तुम्ही मामांना हार घालत होता. तुमचे छोटे चिरंजीव तुमच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी ग्लास घेतला, बोट बुडवलं आणि दोन थेंब या सतरंजीवर शिंपडले. मेहुणे हसले. पुढच्या रांगेत पंकजा बसलीय, आता दुसरीत आहे. ती हसली नाही. तिनं आईकडं बघितलं.

मला मॅनेजरची खुर्ची नको. स्टूल ठेवणार असाल, तर मी राहतो. नसाल, तर मामांना गावी सोडायला कारभारीभाऊंची जीप बाहेर उभीच आहे, तिच्यात माझी पिशवी टाकलीय. ती उतरवायची की नाही, तेवढं सांगा.

मामांचे आभार, आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचेही. बोलण्यात काही जास्तीचं गेलं असेल तर राग माझ्यावर काढा, नाहीतर पोटात घाला. त्या लेकराला मात्र कुणी रागावू नका. त्यानं पाहिलं, तेच केलं. तुमचं ठरेपर्यंत मी दारात बसतो.