मिरचीच्या रोपांना ऊन

तुम्ही हसाल, पण माझा संताप अजून गेला नाय. खांब गावातल्या आमच्या पॉलीहाऊसमध्ये मी महिनाभर मिरचीची रोपं वाढवली. बागेत लावण्याआधी त्यांना हळूहळू उन्हाची सवय करावी लागते. चार दिवस पेणला बहिणीकडे निघाले तेव्हा नवऱ्याला बजावलं, "ट्रे रोज तासभरच बाहेर ठेवा."

परत आले तर सगळी रोपं करपलेली!

"अहो, हे काय केलंत?"

"रोज कोण उचलठेव करणार? चार दिवसांचं ऊन भर दुपारी एकदमच दिलं गो."

"असं व्हय? मग जेवणही चार दिवसांचं आजच जेवून घ्या!"

टोपभर भात रांधला आणि पुढं तीन दिवस गॅसला हात लावला नाय.