तळमजला, न्हाणीघर, क्रमांक एक

…आणि वर मलाच विचारतात, "काका, तुमच्याकडे कसला हो वास येतोय?" आता काय सांगायचं? अहो, तुमचाच येतोय! चार बिऱ्हाडांची इमारत, चारही बिऱ्हाडांच्या सांडपाण्याचा पाइप एक, आणि त्या पाइपाच्या तळाशी राहतो कोण, तर मी! वरच्यांनी नळ सोडला की त्यांचं काम झालं, माझं तिथून सुरू होतं. तुम्हाला सांगतो, सकाळी साडेसातला मी अंगाला साबण लावून उभा, आणि पायाखालून आवाज, बुडुक… बुडुक… खाली बघतो तर जाळीतून पाणी वर! पाण्याने खाली जायचं असतं असं शाळेत शिकलोय हो मी! घोट्यापर्यंत आलं, त्यात फेस, फेसात भाताची शितं, शितांना गुंडाळलेला निळा दोरा, आणि दोऱ्याला लोंबकळणारा हा एवढा लांब केस! मी तसाच साबणासकट स्टुलावर चढलो आणि ओरडलो, "अगं ए, धाव! वरचे लोक आले!"

ही आली, दारातून बघितलं आणि म्हणते काय, "आपल्याकडूनच काही अडकलं असेल."

आमच्या घरातून? शक्यच नाही!

नाही, तुम्ही हसू नका. तुम्हाला मी माहीत नाही. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढलीत मी, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहीत. चाळीस हजार पुस्तकं, एक हरवलं नाही… म्हणजे एक हरवलं, पण ते वस्तू कशा हरवू नयेत याच विषयावरचं होतं, जाऊ दे. तर सवय लागली. घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. मिठाच्या बरणीवर 'मीठ'. साखरेच्या बरणीवर 'मीठ नाही'. मग सांडपाण्याच्या बाबतीत मी गाफील राहीन होय? प्रत्येक भोकावर जाळी! पांढरी, प्लॅस्टिकची, आणि कडेला न पुसल्या जाणाऱ्या शाईने माझ्या हस्ताक्षरात: 'तळमजला, स्वयंपाकघर, क्र. १'. 'तळमजला, न्हाणीघर, क्र. १'. ही म्हणाली, "न्हाणीघर एकच आहे, त्याला क्रमांक कशाला?" म्हटलं, "उद्या दुसरी जाळी आली म्हणजे? गोंधळ नको!"

रोज सकाळी जाळी उचलायची, केस काढायचे, कागदात गुंडाळायचे, कचऱ्यात. ताटातलं शीतसुद्धा आधी पुसून घ्यायचं, मग ताट नळाखाली. दर शनिवारी खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर, काय फेस येतो म्हणून सांगू! आणि तळणीचं उरलेलं तेल? त्याला हिला हातच लावू देत नाही मी. स्वतः! सिंकमध्ये तेल ओतायचं आणि वरून पातेलंभर उकळतं पाणी. झालं! तेल पातळ होतं आणि जातं. ही विचारते, "कुठं जातं?" अगं, जातं! दिसेनासं झालं म्हणजे गेलं!

एवढं करणाऱ्या माणसाच्या न्हाणीघरात पाणी तुंबतं. मला सांगा, संशय कुणावर येईल? वर! पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई. दुसऱ्यावर व्यायामशाळा चालवणारा पहिलवान, डोक्यावर एक केस नाही, पण भात खातो तो पातेल्यानं. तिसऱ्यावर वहिनी आणि त्यांच्या तीन मुली, तिघींचे केस कमरेपर्यंत. आता लागली का संगती? दोरा, शितं, केस! लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, मी शितावरून मजल्याची केली! तीन बाटल्या घेतल्या, पुरावे भरले, चिठ्ठ्या लावल्या. ही म्हणाली, "अहो, मी काय म्हणते…" म्हटलं, "तू थांब. मी पुरावे लावतोय."

आणि त्यात चोरी! हो, चोरी! हे दोन महिन्यांपूर्वीचं. मी नेहमीप्रमाणे न्हाणीघरातली जाळी काढली, धुतली, भोकाच्या कडेला ठेवली, आणि पाइपाला जरा शेक द्यावा म्हणून बादलीभर कढत पाणी ओतलं. तेवढ्यात दारावर टकटक. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, वाटी परत द्यायला आलेल्या. दोन मिनिटं बोललो, त्या गेल्या, मी आत येतो तर… जाळी नाही! जागेवर भोक, आणि भोकावर काही नाही! घरात बाहेरचं कोण आलं होतं? वहिनी! मी काय केलं असेल? अगदी सभ्यपणे गेलो, तीन मजले चढून, आणि सभ्यपणे विचारलं, "वहिनी, माझी जाळी चुकून तुमच्याबरोबर आली का?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "भावजी, मी तुमच्या न्हाणीघरातली जाळी चोरीन?" मी म्हटलं, "चोरी असं कुठं म्हणतोय मी? नेली, असं म्हणतोय." धाडकन दार! त्या दिवसापासून बोलणं बंद. जिन्यात दिसल्या की भिंतीकडे बघून चढायच्या. खाली आलो तर ही, "अहो, मी काय म्हणते…" म्हटलं, "तू थांब, मला दुसरी जाळी आणायचीय." आणली! 'क्र. २'! बघितलंत? क्रमांक घालण्याचे फायदे!

त्यानंतर आठवड्याभरात पाणी जरा हळू जायला लागलं. मी काठी घातली. आत टणक काहीतरी! म्हटलं, दगड. वरच्यांनी दगड टाकलाय! मग मी सोडतो काय? शड्डू ठोकला आणि हाणला दणका… एक… दोन… तिसऱ्याला खट्ट! गेला! फुटला! मी घामाघूम होऊन बाहेर आलो आणि हिला सांगितलं, "दगड फोडला!" टाळ्या सोडा, ही बाई कपाळाला हात लावून आत गेली.

आणि तरी पाणी तुंबलं! आता मात्र डोकं फिरलं माझं. जिन्यात सगळ्यांना बोलावलं. तीन बाटल्या पायरीवर मांडल्या. दोरा दाखवला. ताई म्हणाल्या, "निळा दोरा जगात मी एकटीच वापरते का?" शितं दाखवली. पहिलवान म्हणाला, "काका, भात तुम्हीही खाताच की." केस दाखवला, वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मग त्या ताईच म्हणाल्या, अगदी हळू, "नाही, पण तुमच्याच घरातून काही गेलं असेल तर?"

आमच्या घरातून? शक्यच नाही! आणि तोंडाला कुलूप घालायचं त्या वेळी, तर मी काय बोललो, सांगू? छाती ठोकून बोललो! "दोष माझ्या घरातला निघाला, तर वर्षभर, दर रविवारी, या इमारतीतलं प्रत्येक सिंक आणि प्रत्येक न्हाणीघर मी माझ्या हातांनी साफ करीन! आणि वरच्यांचा निघाला, तर तुम्ही चारचौघांसमोर माझी माफी मागायची!" मागून ही माझा सदरा ओढतेय. "अहो… अहो, मी काय म्हणते…" "तू थांब!"

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. हा मनुष्य असा, की त्याला दोनच शब्द येतात. "बघू" आणि "हं". मी त्याला जाळ्या दाखवल्या, "हं." सोडा आणि व्हिनेगर सांगितलं, तर चक्क तिसरं वाक्य बोलला, "फेस येतो. बाकी काही होत नाही." मला राग आला, पण गिळला. इमारतीबाहेर जमिनीतला चेंबर आहे, सगळ्या पाइपांचं पाणी जिथं येतं तो चौकोनी खड्डा, त्याचं झाकण उघडलं त्यानं आणि लांबलचक लवचिक तार उलटी आत सारली, माझ्या घराच्या दिशेला. सगळी इमारत भोवती उभी. वहिनीसुद्धा, तिघी मुलींना घेऊन. तार फिरतेय, फिरतेय… अडकली. पहिलवान पुढं झाला, दोघांनी ओढलं… आणि बाहेर काय आलं! पांढराफटक गोळा! उशीएवढा! त्याला शितं चिकटलेली, दोरे चिकटलेले, केस चिकटलेले, सगळ्यांचं सगळं त्याच्यावर! मी आनंदानं ओरडलो, "बघा! बघा! म्हणत नव्हतो?"

प्लंबरनं वास घेतला. "तेल."

"कुणाचं?"

"तळमजल्याचं सिंक जिथं जोडलंय, तिथून चार हातांवर होतं. उकळतं पाणी ओतता का तेलावर?"

मी मान हलवली. तो म्हणतो, "पाणी गरम तोवर तेल चालतं. पुढं पाणी निवलं की तेल तिथंच बसतं. रोज थोडं थोडं." अहो, दिसेनासं झालेलं तेल माझ्या पायाखाली चार हातांवर बसून होतं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण हार कसली मानतोय मी? म्हटलं, "आमच्या घरातून? शक्यच नाही! तेल काय, सगळेच वापरतात! त्याच्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी बोलायला नको होतं.

प्लंबरनं पहारीनं गोळा फोडला. आत मधोमध, दुमडलेलं, पांढरं, प्लॅस्टिकचं काहीतरी. त्यानं ते उलगडलं. कडेवरून अंगठा फिरवला. आणि पहिलीतला मुलगा वाचतो तसं एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, "तळ… मजला… न्हाणी… घर… क्रमांक… एक."

शाई कसली चांगली हो ती! दोन महिने तेलात राहून एक वेलांटी पुसली नव्हती!

पहिलवान वाकून बघत म्हणाला, "अक्षर छान आहे काका." तो मनापासूनच म्हणाला, तेच जास्त लागलं. म्हणजे चोरी नाही, वरचा दगड नाही, काही नाही. मीच कढत पाण्यानं जाळी आत वाहवली, मीच काठीनं ठोसून पुढं ढकलली, आणि मीच तिच्यावर रोज तेल चढवलं! मी हिच्याकडे वळलो. "काय गं… तू काय म्हणत होतीस?"

"हेच."

"म्हणजे?"

"त्या दिवशी जाळी वाहून जाताना मी बघितली होती."

"मग सांगायचं नाहीस?"

"दोन महिने सांगतेय!"

त्यावर मला जी लाज वाटली ना, ती त्या चेंबरमध्ये उतरून वरून झाकण लावून घ्यावं अशी. तेल, जाळी ठीक आहे हो, पण वहिनींना मी चोर ठरवलं होतं. त्या भिंतीकडे बघत जिना चढायच्या आणि मला वाटायचं, बघा, कसं मन खातंय! मन माझं खायला हवं होतं. संध्याकाळी तीन मजले चढलो, दार वाजवलं आणि हात जोडले. "वहिनी, चुकलो. जाळी माझ्याच पाइपात होती." त्यांनी कडीला हात घातला. मला वाटलं, आता दार धाडकन. तर म्हणतात, "भावजी, रविवार या आठवड्यापासून, की पुढच्या?"

या आठवड्यापासून! आता दर रविवारी मी बादली, तार, रबरी पंप आणि हातमोजे घेऊन निघतो. बादलीवर चिठ्ठी आहे. सवय. ताईंच्या घरी दोऱ्यांसाठी डबा ठेवून दिला. पहिलवानाला ताट आधी कचऱ्याच्या डब्यात झाडायला शिकवलं. आमच्याकडे तेल आता गार करून जुन्या डब्यात भरतात, कढई कागदानं पुसतात, आणि ते सगळं हीच बघते, मला सिंकजवळ फिरकू देत नाही.

आणि परवाच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावर होतो. वहिनींनी चहा टाकलेला, आमचं आता बरं आहे. मी न्हाणीघरात गुडघ्यावर बसून तार घातली, फिरवली, ओढली… आणि आला! केसांचा झुपका! दीड हात लांब, काळाभोर! मी दारात उभ्या तिघी मुलींना तो उंच धरून दाखवला आणि फक्त एवढंच विचारलं, "हे कुणाचे गं?"

तिघींनी एकमेकींकडे बघितलं, वेण्या मागं टाकल्या, आणि एका सुरात म्हणाल्या, "आमच्या घरातून? शक्यच नाही, काका!"

आता तिसरा मजला शेवटचा. त्याच्या वर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या वर आभाळ. मी झुपका पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली, आणि म्हटलं, "बरोबर आहे, पोरींनो… वरून आले असतील."